बाबांच्या ढाबळीचं दार

ढाबळीचं दार हातानं उघडता येत असताना त्याला मोटर कशाला लावायची, हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला. बायकोने विचारला, तिसऱ्या मजल्यावरच्या उस्ताद वगीहनी विचारला, आणि पार्सल कचेरीतल्या साहेबाने तर लेखी विचारला. न विचारणारे दोघंच. एक माझे वडील, आणि दुसरा कोपऱ्यावरच्या कॉफीखान्याचा मुअल्लिम, म्हणजे मालक, शलबी, जो कबुतरांच्या खेळात चाळीस वर्षं माझ्या वडिलांचा वैरी होता. बाकीच्या जगाला मी उत्तरं देत बसलो आणि त्यात एक अख्खं वर्ष गेलं.

मी रिफअत बय्यूमी. भूमापन खात्यात नकाशांच्या विभागात आहे. दोन शेजाऱ्यांमधली रेघ कुठून जाते हे मी कागदावर सांगू शकतो. खिळा ठोकायला मात्र मला माणूस बोलवावा लागतो. माझी बायको इनायात हे पाहुण्यांना न चुकता सांगते.

आमची इमारत शुब्रा वस्तीतली जुनी, मधोमध चौक असलेली. आमचं घर चौकाच्या एका अंगाला, पाचव्या मजल्यावर. समोरच्या अंगाला एक मजला कमी आहे, आणि त्या गच्चीवर बाबांची कबुतरांची ढाबळ, उंच लाकडी पायांवर उभी. म्हणजे बाबांच्या खाटेवरून ती अगदी डोळ्यांसमोर दिसे. तिथे जायचं तर मात्र पाच मजले उतरून चौक ओलांडायचा आणि पुन्हा चार मजले चढून गच्ची गाठायची. बाबांनी चौतीस वर्षं ट्राम चालवली आणि त्यानंतरही वीस वर्षं हे जिने चढले-उतरले. मग हात थरथरायला लागले. पुढे पायही जमिनीला चिकटल्यासारखे व्हायला लागले. डॉक्टरांनी त्या आजाराला लांबलचक नाव सांगितलं आणि जिना बंद केला.

तेव्हापासून दररोज कचेरीतून आलो की कोटही न काढता मी गच्चीवर जाऊन दार उघडायचो. माझ्या हातून कबुतरं शाळा सुटल्यासारखी बाहेर पडत, एकमेकांवर आपटत, पिसं उडवत. समोरच्या खिडकीतून बाबा बघत असत. पहिले काही महिने ते ओरडून सूचना देत. "सावकाश. अरे, आधी बोटभर फट. त्यांना उजेड बघू दे." मग त्यांचा आवाजही बारीक झाला. सूचना बंद झाल्या, आणि ते मला जास्त लागलं.

एका दुपारी मी घामाघूम होऊन परत आलो, तर ते खिडकीकडेच बघत म्हणाले, "मी अजून मेलो नाही, आणि माझं दार दुसरं कुणी उघडतंय."

हे त्यांनी रागाने म्हटलं नाही. चहा गार झालाय हे सांगावं तसं म्हटलं. मी तिथल्या तिथे बोलून गेलो, "बाबा, तुम्ही इथे बसल्या बसल्या उघडाल." का बोललो कुणास ठाऊक. बाबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यांना माझी हातोटी माहीत होती.

दुसऱ्या दिवशी मी बाब-अल-लूकला गेलो. तिथल्या गल्ल्यांत वायरी आणि मोटरींची दुकानं आहेत. आमच्याकडे दुकानदार येईल त्या गिऱ्हाइकाला 'इंजिनिअरसाहेब' म्हणतो. त्या दुकानात काउंटरमागे शहिरा नावाची तरुणी होती, ती खरीच इंजिनिअर होती, आणि तिने मला 'हाज' म्हटलं. म्हणजे आजोबाच की. माझं वय बावन्न. मी तो अपमान गिळला आणि काम सांगितलं.

तिने तीन वस्तू समोर ठेवल्या. पत्त्याएवढा एक बोर्ड, काडेपेटीपेक्षा लहान निळी मोटर, आणि जुन्या रेडिओला असतो तसा एक गोल नॉब. ती म्हणाली की साधी मोटर नुसतीच फिरत राहते, पण ही सर्वो मोटर सांगाल तेवढीच फिरते आणि सांगाल तिथे थांबून राहते. मला ते चटकन समजलं. आमच्या खात्यात सगळे असेच आहेत. नॉब किती फिरला ते बोर्ड वाचतो आणि मोटरीला तेवढंच वळायला सांगतो. बोर्डाला शिकवायच्या चार ओळी तिने कागदावर लिहून दिल्या.

त्या चार ओळी शिकवायला मला नऊ दिवस लागले. एक अर्धविराम राहिला होता. नवव्या दिवशी जेवणाच्या टेबलावर मी नॉब वळवला आणि मोटरीचा इवला हात वळला. नॉब मागे घेतला, हात मागे आला. मी इनायातला हाक मारली. तिने पाहिलं आणि विचारलं, "हे दार उघडेल?" मी म्हटलं, "तत्त्व तेच आहे." तत्त्व हा शब्द वापरावा लागला की समजावं, माणूस अडचणीत येणार आहे.

उस्ताद वगीहही आले. ते शाळांतल्या रसायनशास्त्राचे निवृत्त तपासनीस आहेत आणि अजून तपासतात. मोटरीची ताकद दाखवायला मी तिच्या हाताला साखरेचा चमचा बांधला. विजेची पिन लावल्याबरोबर मोटरीने एक झटका दिला आणि साखर उस्तादांच्या चष्म्यावर गेली. त्यांनी चष्मा पुसत सल्ला दिला की दोरी आणि कप्पी लावावी, फेरोच्या काळापासून चालत आलेली वस्तू आहे. मी म्हटलं, बाबांच्या हातांना आता दोरी धरवत नाही. मग ते बराच वेळ चष्माच पुसत राहिले.

मोटर ढाबळीला बसवली त्या दिवशी वारा होता. दार लाकडी चौकटीचं, जाळीचं, वर बिजागरी आणि खालून उचललं जाणारं. मी तिथेच उभा राहून नॉब वळवला. दार चार बोटं वर आलं, मोटरीच्या पोटात दाणे भरडल्यासारखा आवाज झाला आणि दार खाली पडलं. आतले प्लॅस्टिकचे दाते गेले होते. समोरच्या खिडकीत बाबा होते. मी त्यांच्याकडे बघून हात हलवला, जणू हे असंच व्हायचं ठरलं होतं.

शहिराने दात्यांचा भुगा बघितला आणि धातूच्या दात्यांची मोठी मोटर हवी म्हणाली. ती बाजारात नव्हती. कधी येईल ते देवाला माहीत. माझा आतेभाऊ कुवेतला असतो, त्याने ती पाठवली. त्या पार्सलने माझ्या आयुष्याचे अकरा आठवडे खाल्ले.

ज्या कचेरीत ते अडकलं तिचं नाव घेत नाही. माणसाला पुन्हा जावं लागतं. मोटरीच्या खोक्यावर विमानाचं चित्र होतं, कारण पोरं असल्या मोटरी खेळण्यातल्या विमानाला लावतात. आमच्याकडे उडणाऱ्या यंत्राला परवानगी लागते. साहेबाने माझ्याकडून लेखी मागितलं. मी लिहिलं: मी, खाली सही करणारा, लिहून देतो की ही मोटर उडणार नाही आणि कशालाही उडवणार नाही.

"मग करणार काय?" साहेबाने विचारलं.

"दार उघडेल."

"दाराच्या आत काय आहे?"

"कबुतरं."

"ती उडतात?"

मी हो म्हणालो. खोटं कसं बोलणार? साहेबाने पेन खाली ठेवलं.

नंतरच्या फेरीला कबुतरांच्या मालकीचा पुरावा मागितला. मी सांगितलं, या खेळात कबुतराचा कागद नसतो. दोन गच्च्यांवरचे थवे आकाशात मिसळतात, एखादं चुकार पाखरू दुसऱ्याच्या ढाबळीत उतरतं, आणि ज्याच्या ढाबळीत उतरलं आणि अडकलं त्याचं ते होतं. साहेब म्हणाला, "म्हणजे चोरी." ज्या खात्यात मी तीस वर्षं इतरांकडून कागद मागत आलो, त्या खात्याचा माणूस असूनही त्या खुर्चीपुढे मीच कागदाविना उभा होतो. सहाव्या फेरीला मी थकलो होतो. कुठलाही अर्ज न काढता मी नुसतं सांगितलं की माझे वडील ट्राम चालवायचे, आता त्यांचे हात थरथरतात, आणि त्यांना त्यांचं दार स्वतः उघडायचंय. साहेबाने विचारलं, कुठल्या मार्गावर. मी मार्ग सांगितला. तो म्हणाला, "त्या ट्रामने मी शाळेत जायचो," आणि शिक्का मारला. मग उठून गेला, आणि बाकीच्या टेबलांवरची माणसं माझ्याकडे अशी बघू लागली जणू मी लाच दिलीय.

मोठी मोटर आली आणि नव्या अडचणीही तशाच मोठ्या आल्या. ती जोर लावू लागली की बोर्डाची वीज पळायची, बोर्ड मूर्च्छा येऊन पुन्हा जागा व्हायचा, आणि जागा होताना दार धाडकन उघडायचा. एका दुपारी असं पाच वेळा झालं. कबुतरं ढाबळीच्या कोपऱ्यात एकावर एक चढून बसली. शहिराने सांगितलं की मोटरीला वीज वेगळी द्या, पण दोघांची जमीन, म्हणजे अर्थिंगची वायर, एक ठेवा. वायरीच्या धंद्यात त्यालाही जमीनच म्हणतात. जमीन एक नसली की एक काय बोलतो ते दुसऱ्याला कळत नाही. मी म्हटलं, बाई, हे मला शिकवू नका, मी भूमापन खात्यातला आहे.

चौकावरून वायर टाकली तर चौथ्या मजल्यावरच्या तहानीबाईंनी खिडकीतून हात वर करून लोंबत्या वायरीवर ओली चादर वाळत घातली. त्यांना ती नवी दोरी वाटली. वायर तुटली. मी तक्रार केली तेव्हा त्यांनी कबुतरांच्या विष्ठेची वीस वर्षांची तक्रार बाहेर काढली, आणि मी माफी मागून परत आलो.

अखेर एप्रिलमध्ये, एका शुक्रवारी, सगळं जुळलं. नॉब मी बाबांच्या खाटेशेजारच्या फळीवर स्क्रूने बसवला होता. उस्ताद वगीह टाय लावून आले. इनायातने तांदळाची खीर केली होती. मी बाबांच्या पाठीशी उशा लावल्या आणि म्हटलं, "बाबा, वळवा."

त्यांनी उजवा हात नॉबवर ठेवला. समोर, चौकापलीकडे, दार थरथरायला लागलं.

दार उघडेना आणि बंदही होईना. बाबांचा हात जसा थरथरत होता तसंच, त्याच वेगाने, ते मोठं जाळीचं दार थडथड थडथड करत होतं, आणि त्याचा आवाज सगळ्या चौकात घुमत होता. तहानीबाई खिडकीत आल्या. खालच्या मजल्यांवरच्या खिडक्या उघडल्या. बाबांनी आवर घालायला दुसरा हात पहिल्यावर दाबला, तर दार आणखीच जोरात आपटू लागलं. मोटर इमानदार होती. सांगितलेलं सगळं करत होती.

बाबांनी हात काढून घेतला. दार थांबलं. ते म्हणाले, "हे काढून टाक." मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. खिरीला कुणी हात लावला नाही. उस्ताद वगीह जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले. त्यांनी सल्ला दिला नाही, म्हणजे प्रकरण किती गंभीर होतं ते समजा.

मी ते काढलं नाही. शहिराकडे गेलो आणि झालं ते सांगितलं. या वेळी ती मला हाज म्हणाली तेव्हा मला वाईट वाटलं नाही. ती म्हणाली, बोर्डाला हाताचं लगेच ऐकू देऊ नका. त्याला सांगा, वीस-तीस वेळा वाच, त्यांची सरासरी काढ, आणि थोडा फरक पडला तर दुर्लक्ष कर. मी विचारलं, थोडा म्हणजे किती? ती म्हणाली, "ते तुम्हाला मोजावं लागेल. त्यांच्या हाताचं मोजमाप आहे ते."

हे बाबांना कसं सांगावं याचा विचार करण्यात चार दिवस गेले. शेवटी संगणक मांडीवर घेऊन खाटेपाशी बसलो आणि म्हटलं, "बाबा, नॉब फक्त धरून ठेवा. मोटरीची वायर काढलेली आहे. कुणाला दिसणार नाही."

"तुला दिसेल ना?"

"मला दिसेल."

बाबा माझ्याकडे वळले. मग त्यांनी हात पुढे केला. पडद्यावर आकडे धावायला लागले. पाचशे बारा, पाचशे एकोणतीस, चारशे सत्त्याण्णव, पाचशे एकतीस. बाबा सगळा जोर लावून हात स्थिर धरत होते, त्यांच्या कपाळाची शीर उभी राहिली होती, आणि आकडे धावत होते. मी नकाशे मोजणारा माणूस. जमीन इंच इंच मोजली आहे. त्या दिवशी मात्र मला आकडे वाचता येईनात, कारण समोरचं सगळं धूसर झालं होतं. बाबांनी विचारलं, "किती आहे?" मी म्हटलं, "थोडंच आहे, बाबा."

"खोटं बोलू नकोस. ट्रामच्या हँडलवर हा हात एका खुणेवर अर्धा तास राहायचा."

"माहीत आहे."

"तुला काय माहीत? तू कधी माझ्या ट्राममध्ये पुढे उभा राहिलायस?"

हे खरं होतं. शाळेत असताना मला वडील ट्राम चालवतात याची लाज वाटायची. मी मागच्या डब्यात बसायचो आणि एक थांबा आधी उतरायचो. हे त्यांना ठाऊक आहे हे मला बावन्नाव्या वर्षी कळलं. मी आकडे उतरवून घेतले. बाबांनी हात नॉबवरून काढला नाही, मी पुरे म्हणेपर्यंत.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी पुन्हा हात ठेवला. या वेळी कुणालाही बोलावलं नव्हतं. हात थरथरला, दार स्तब्ध राहिलं. त्यांनी नॉब वळवायला सुरुवात केली आणि एक क्षण काहीच झालं नाही. मग दार बोटभर उचललं गेलं, थांबलं, आणि हळूहळू, थांब्यावरून ट्राम सुटावी तसं, वर गेलं. कबुतरं एकेक करून फळीवर आली, उजेडाकडे बघत उभी राहिली आणि मग उडाली. बाबा आधी त्यांच्याकडे बघत होते, नंतर स्वतःच्या हाताकडे, नंतर दाराकडे. म्हणाले, "उशिरा ऐकतंय."

मी सांगू लागलो की सरासरी काढायला वेळ लागतो. त्यांनी हाताने मला थांबवलं. "असू दे. ट्रामही उशिरा ऐकते. ब्रेक थांबा आल्यावर लावायचा नसतो, आधी लावायचा असतो." एवढंच. माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत मोठं प्रशस्तिपत्र मला असं मिळालं.

तो उन्हाळा चांगला गेला. नंतर जे झालं ते मला आधीच कळायला हवं होतं, कारण इनायातला कळलं होतं. दार उघडणं हा खेळाचा अर्धा भाग. उरलेला अर्धा म्हणजे गच्चीवर उभं राहून निशाण फिरवायचं, शीळ घालायची, थवा परत बोलवायचा. ते बाबा खाटेवरून करू शकत नव्हते, आणि मी फिरवलेल्या निशाणाला कबुतरं विचारत नव्हती. चौकापलीकडच्या आभाळात शलबीचा थवा रोज फिरायचा. ऑगस्टमध्ये आमची दोन गेली. मग चार. सप्टेंबरअखेर ढाबळीत एकच मादी उरली, एका डोळ्याने अधू, जी कधी उडतच नव्हती.

आणि मग एका संध्याकाळी मुअल्लिम शलबी आमच्या दारात उभा राहिला. हातात पिंजरा. पाच मजले चढून त्याला धाप लागली होती. बाबांच्या घरात तो पहिल्यांदाच येत होता.

तो म्हणाला, "बय्यूमी, तुझी पाखरं. माझ्याकडे उतरली होती."

बाबांनी पिंजऱ्याकडे पाहिलं. "किती आहेत?"

"अकरा. सगळी."

"माझा लाल नर तू नेलास, तेव्हा आणून दिला होतास?"

"ती गोष्ट वेगळी."

"काय वेगळी?"

शलबीने पिंजरा खाली ठेवला. बाबाच म्हणाले, "तेव्हा मी गच्चीवर उभा होतो." मग जरा थांबून, "घेऊन जा, शलबी. मला मेल्यात धरू नकोस."

शलबीचा चेहरा उतरला. बाबांनी इनायातला चहा आणायला सांगितलं. शलबी उभ्याउभ्याच तो चहा प्यायला, पिंजरा उचलला आणि निघाला. दाराशी मला हळूच म्हणाला, "मी चूक केली, रिफअत." जिन्यावरून खालपर्यंत कबुतरांच्या पंखांचा आवाज येत राहिला.

त्यानंतर बाबा रोज दुपारी दार उघडत, आणि सूर्य कलला की बंद करत. आत ती एकच मादी. उस्ताद वगीह म्हणाले, असं रिकामं दार उघडणं मनाला बरं नाही, त्यांना टीव्ही दाखवा. मलाही तसंच वाटायचं. बाबा मात्र मला मका आणि फोडलेले वाटाणे आत टाकायला पाठवत, दारापासून किती वीत आत टाकायचे तेही सांगत. मी नऊ मजल्यांची चढउतार करून वीत मोजून दाणे टाकत होतो, आणि मनात म्हणत होतो की माणूस म्हातारा झाला की हट्टी होतो.

नोव्हेंबरात एके दुपारी, तीन वाजून गेले होते. मी नुकताच परत आलो होतो. शलबीचा थवा वर फिरत होता. बाबा म्हणाले, "बोलू नकोस." मी काहीच बोलत नव्हतो. मग मला दिसलं. थव्यातून एक पाखरू वेगळं होऊन आमच्या ढाबळीच्या फळीवर उतरलं होतं. काळं, शेपटी पांढरी. सगळा शुब्रा त्याला ओळखत होता. शलबी त्याला बाशा म्हणायचा, आणि लोक म्हणायचे की तो मुलापेक्षा त्याला जास्त जपतो.

आतली मादी घुमली. बाशा फळीवर दोन पावलं चालला, मान तिरकी केली, परत फिरला, पुन्हा आत वळला. कोपऱ्यावरच्या आपल्या गच्चीवर शलबी शिट्ट्या मारत होता. दाराखालून बाशाची मान आत गेली. मला वाटलं, आता. बाबांचा हात नॉबवर होता, थरथरत, पण वळत नव्हता. बाशा माघारी वळल्यासारखा झाला आणि नेमक्या त्याच वेळी बाबांनी नॉब फिरवायला सुरुवात केली. मला ओरडावंसं वाटलं की तो बाहेर येतोय. पण त्याला आतले दाणे दिसले होते. तो वळला आणि दाण्यांकडे तीन पावलं आत गेला, आणि तोवर बाबांनी आधीच दिलेला हुकूम मोटरीला ऐकू आला होता. दार सावकाश, जराही न हलता खाली आलं आणि त्याच्यामागे बंद झालं.

बाबांनी नॉबवरून हात उचलला आणि मांडीवर ठेवला. छाती वरखाली होत होती. आपल्या गच्चीवर शलबीने आधी निशाण आपटलं आणि मग तोंड उघडलं. बाबांचा बाप, आजोबा, ट्राम, आणि माझी मोटर, कुणालाही त्याने सोडलं नाही. सगळी गल्ली ऐकत होती. बाबा डोळे मिटून ऐकत होते, जसं कुणी गाणं ऐकतं.

"बघ," ते म्हणाले, "आता कसा बोलतोय माझ्याशी."

त्या रात्रीचं जेवण त्यांनी स्वतःच्या हाताने घेतलं. अर्धं चादरीवर सांडलं. इनायात पुसायला पुढे झाली तर म्हणाले, राहू दे.

जानेवारीत बाबा गेले. पहाटे, झोपेत. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नाही. डॉक्टर नेहमीच तसं म्हणतात, पण मला ते ऐकायचं होतं. गल्लीत मांडव घातला, दुखवट्याच्या तिन्ही संध्याकाळी माणसं आली. पार्सल कचेरीतला साहेबसुद्धा आला; त्याला कुणी कळवलं ते मला समजलं नाही. शलबी तिन्ही दिवस पहिल्या रांगेत बसला आणि माझ्याशी एक शब्द न बोलता गेला.

चाळिसाव्या दिवसाचे विधी झाल्यावर मी बाशाला पिंजऱ्यात घातलं आणि कॉफीखान्यात नेलं. मला कबुतरांमधलं काही कळत नाही आणि मरून गेलेल्या माणसाच्या खेळातली वस्तू ठेवून घेणं मला बरं वाटेना. शलबी गल्ल्यावर बसला होता. त्याने पिंजऱ्याकडे पाहिलं नाही.

"हे कुणाचं?"

"तुमचं, मुअल्लिम."

"माझं असतं तर माझ्या ढाबळीत असतं."

"बाबा आता नाहीत."

"म्हणून काय त्याने पकडलेलं खोटं ठरतं?"

पिंजरा हातात घेऊन मी तसाच उभा. आजूबाजूची माणसं फासे टाकायची थांबली होती. शलबीने पायाने एक खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि पोऱ्याला न सांगता स्वतः उठून माझ्यासाठी कॉफी आणली. पेला माझ्यापुढे ठेवताना त्याने विचारलं, "तू त्या वेळी तिथेच होतास ना?"

"शेजारीच होतो."

"मला गच्चीवरून फक्त दार खाली येताना दिसलं," तो म्हणाला. "त्याचा हात दिसला नाही. सांग."

मी सांगितलं. दाणे किती वीत आत टाकायचे ते सांगितलं, बाशा दोनदा मागे फिरला ते सांगितलं, आणि मला वाटलं त्याच्याही आधी बाबांनी कसा नॉब फिरवला तेही. कुणीतरी टीव्ही बंद केला. माझं सांगून झालं तेव्हा कॉफी गार झाली होती.

शलबीने ती ओतून टाकली, नवी आणली, आणि समोर खुर्ची ओढून बसला.

"पुन्हा सांग," तो म्हणाला. "सावकाश. पहिल्यापासून."

मी पिंजरा पायाशी ठेवला. "तीन वाजून गेले होते," मी म्हटलं. "बाबा म्हणाले, बोलू नकोस."